इंदूरचा फोन

१

ज्या सोमवारी उर्वशी मनवरला इंदूरच्या कोर्टावर पहिला सामना खेळायचा होता, त्याच सोमवारी ती अकोल्याच्या एस.टी.तून दिग्रसच्या बसस्टँडवर उतरली. खांद्याला रॅकेटांची पिशवी, अंगात शनिवारी निघतानाचेच कपडे, आणि चेहरा असा, की समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेल्या किसनसिंग राठोडनं बशी तशीच खाली ठेवली.

किसनसिंग पोलिसातला निवृत्त जमादार. वर्दी त्यानं सरकारला परत केली होती, पण माणसाच्या चेहऱ्याकडं टक लावून बघायची खोड परत मागायला कुणी आलं नव्हतं. शिवाय ही पोरगी त्याच्या डोळ्यांसमोर वाढलेली. सकाळी फिरायला निघाला की बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग मिलच्या आवारात तो घटकाभर थांबायचा आणि तिचा सराव बघायचा. टेनिसमधलं त्याला ओ की ठो कळत नसे. पण जीव तोडून मेहनत करणारं माणूस ओळखायला खेळ कळावा लागत नाही.

“काहून व पोरी? इतक्यात वापस?”

“हारायले तं पयले खेळा लागते, काका.” उर्वशीनं पिशवी बाकावर टेकवली. “मले खेळूच देलं नाही. यादीतून माहं नाव काढलं होतं.”

“कोणं काढलं?”

“मीच.” ती हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. “असं ते म्हणतात. तुमच्या घरच्या बाईनंच फोनवर नाव वापस घेतलं म्हणे. घरी बाई कोण? मी आन् आई. मी सांगतलं नाही. आईले तर त्या क्लबचं नावही घेता येत नाही.”

किसनसिंगनं तिच्यासाठी चहा मागवला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. इंदूरच्या त्या क्लबानं उर्वशीला वाइल्ड कार्ड दिलं होतं. वाइल्ड कार्ड म्हणजे आयोजकांच्या मर्जीतली जागा. क्रमवारीच्या जोरावर जो खेळाडू आत येऊ शकत नाही, त्याला ते आपणहून बोलावतात. मर्जीचाच मामला असल्यानं ती जागा देतानाही एक फोन पुरतो आणि काढून घेतानाही. उर्वशी जाऊन पोचली तोवर सामन्यांच्या जोड्या लागून गेल्या होत्या. तिनं हात जोडले, भांडली, रडली. उपयोग शून्य.

“आता अजून कुठं खेळजो ना.”

“आता नाही, काका. गुण वर्षभरच टिकते. माहे मागच्या वर्षीचे याच आठवड्यात गळून जाते. इंदूरले एक सामना जिंकली असती तं जगाच्या यादीत नाव राह्यलं असतं. आठशेच्या पुढं का होईना, राह्यलं असतं. आता ते पुसलं.” तिनं पिशवीवरची धूळ झटकली. “बाबानं तेवढ्या यादीसाठी जीव काढला.”

 किसनसिंगनं पोलिसाला सुचतो तोच प्रश्न विचारला. “तुही जागा कोणाले भेटली?”

“निशिगंधाले,” उर्वशी म्हणाली. “आन् तिचंच काम हाय ते. माह्या आईच्या नावानं तीच बोलली. येत्या शनिवारी मी टेनिस संघटनेकडं तक्रार धाडून राह्यली. माहं खेळणं गेलं तं तिचंही जाऊ द्या.”

निशिगंधा गावंडे. यवतमाळची पोरगी, उर्वशीची दुहेरीतली जोडीदार, आणि दिग्रसला आली की कांताबाईच्या हातची भाकरी खाऊन इथंच मुक्काम करणारी. किसनसिंगनं गार झालेला चहा संपवला.

“शनिवारलोक थांब,” तो म्हणाला. “तोवर मले पाहू दे.”

२

दिग्रससारख्या गावात टेनिस आलं कुठून, असं बाहेरचे लोक विचारतात. ते आलं जिनिंगमालकाच्या नातवामुळं. रजतनं चार दिवस खेळून कंटाळून टाकून दिलेल्या रॅकेटा मिलमधल्या फिटरनं, म्हणजे उर्वशीच्या बापानं, नागोराव मनवरनं दुरुस्त केल्या. मिलच्या आवारात कापसाचे ढीग लावायला केलेली सिमेंटची फरशी होती. तिच्यावर त्यानं चुन्यानं रेघा मारल्या आणि मधोमध जाळी बांधली. हंगामात कापूस आला की कोर्ट ढिगांखाली जायचं. मग कापसाच्या पडत्या भावाची वर्षं आली, गाड्या येईनाशा झाल्या, आणि कोर्ट बाराही महिने मोकळं राहू लागलं. गावाचा कापूस घटत गेला तसा पोरीचा खेळ वाढत गेला, पण हे मोठ्यानं म्हणायची कुणाची छाती होत नसे. नागोराव मात्र रुईच्या धुळीनं खोकून खोकून गेला. पोरीचं नाव जगाच्या यादीत आलेलं तेवढं त्यानं पाहिलं.

निशिगंधा इंदूरहून परतल्याचं कळताच किसनसिंगनं यवतमाळची एस.टी. धरली. स्टेडियमच्या पायऱ्यांवर ती एकटी बसली होती. जमादाराला बघून ती उठलीही नाही.

“पकडाले आले का काका?”

“पोरीवानी बोल. कितवा सामना हारली?”

“दुसरा. पयला जिंकला.” तिनं मान खाली घातली. “जिंकून खोलीवर गेली आन् रडली. तिच्या जागेवर जिंकली ना मी.”

“ते जागा तुले कशी भेटली, ते सांग.”

“क्लबच्या सेक्रेटरीनं बलावून सांगतलं, उर्वशी येत नाही, तुमी खेळा. मी तं क्वालिफाइंगसाठी, त्या पात्रतेच्या सामन्यांसाठी, आधीच जाऊन पोचली होती. मी तिले मोबाइल लावला, तं बंद.” ते खरं होतं. उर्वशीच्या मोबाइलची मुदत संपली होती. “लोक म्हणते, आठशेच्या खाली कोणी कोणाचं नसते. खोटं हाय ते. वरच्या पोरींले अलग अलग खोल्या राहते. आमी एका पलंगावर दोघी झोपत होतो, एकीच्या रॅकेटची तार तुटली तं दुसरीची रॅकेट घेत होतो. मी तिच्या आईचा आवाज काढीन?”

बोलणं खरं वाटत होतं. पण बोलताना ती सारखी बुटाची नाडी सोडत होती आणि बांधत होती. असल्या नाड्या किसनसिंगनं नोकरीत पुष्कळ पाहिल्या होत्या.

“अजून काय राह्यलं सांगायचं?”

निशिगंधानं नाडी हातातून सोडली. मग म्हणाली, “मागच्या बुधवारी सेक्रेटरीनं मले विचारलं, उर्वशी पक्की येईन ना? मी म्हणलं, तिचा खांदा दुखते. बस, तेवढंच म्हणलं. खोटं नव्हतं ते. आन् दुसऱ्या दिवशी तिचं नाव गेलं.”

“मुद्दाम म्हणलं?”

“मले माहीत नाही काका.” आता तिचे डोळे भरून आले. “तेच तं शोधून राह्यली मी.”

किसनसिंगचा तिच्यावर विश्वास बसला. आपल्या मनातलं काळं जो स्वतः उकरून दाखवतो, तो दुसऱ्याचा आवाज काढून फोन करत बसत नाही. पण मग तो फोन कुणाचा? स्टेडियमच्या फाटकाशी तो पोचला, तेव्हा मागून निशिगंधानं हाक मारली.

“काका, अजून एकानं तिचं खेळणं बंद व्हावं म्हणून देव पाण्यात घातले होते. रजतले विचारा. तो मागच्या गुरुवारी इंदूरलेच होता.”

३

रजत जिनिंगमध्येच सापडला. मिलची यंत्रं भंगारात चालली होती, आणि तो दारात उभं राहून ट्रकमध्ये चढणारं लोखंड बघत होता. आजोबांनी उभारलेलं सगळं असं तुकड्यातुकड्यांनी जाताना बघणाऱ्याचा जो चेहरा होईल, तो त्याचा होता. म्हणून किसनसिंगनं आवाज जरा मऊ ठेवला.

“उर्वशीनं खेळणं सोडावं असं तुमी म्हणत होते म्हणे.”

“होतो. आजही म्हणतो.” रजत शिकायला बाहेर राहिलेला, त्याची बोली पुस्तकी झाली होती. “यवतमाळला मी टेनिसची शाळा काढतोय. शिकवायला तिच्यासारखी दुसरी मिळणार नाही. पण बाईसाहेबांना खेळायचंय. खांदा निखळला तरी खेळायचंय.”

“आन् मागच्या गुरुवारी तुमी इंदूरले होते.”

“होतो ना. तो क्लब माझ्या ओळखीचा. तिची ती जागा मीच मिळवून दिली होती, काका.”

किसनसिंगनं डोळे बारीक केले. “सोडावं वाटत होतं, मंग जागा काहून देल्ली?”

रजतनं लोखंडावरची नजर काढली नाही. “खरं सांगू? ती पहिल्याच सामन्यात हरणार हे मला ठाऊक होतं. त्या खांद्यानं कुणीही हरलं असतं. एकदा कोर्टावर नीट हरली, की तिचं तिलाच पटलं असतं, आणि ती शिकवायला आली असती. पण हरायला तरी ती कोर्टावर उतरायला हवी होती ना? आता ती जन्मभर म्हणणार, मला खेळू दिलं नाही. माझं तर सगळंच बुडालं.”

बोलणं कडवट होतं, पण हिशेबात बसत होतं. उर्वशी इंदूरला न खेळण्यात या माणसाचा तोटाच होता. किसनसिंगनं मनातल्या मनात त्यालाही सोडून दिलं.

आता उरला तो सेक्रेटरी. सामने चालू असेपर्यंत गडी फोनवर यायलाच तयार नव्हता. शुक्रवारी सकाळी किसनसिंग बेबीताईच्या किराणा दुकानात गेला. मनवरांच्या घरात फोन नव्हता, आणि उर्वशीचा मोबाइल निम्मा वेळ बंदच असायचा. उर्वशी सगळीकडं बेबीताईच्याच दुकानाचा नंबर द्यायची, आणि कुणाचा फोन आला की बेबीताई दुकानाच्या पायरीवरून गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारायची. त्याच काळ्या फोनवरून जमादारानं इंदूर लावलं. या वेळी सेक्रेटरी सापडला.

“देखिए जमादारसाब, मैं मजबूर हूँ,” तो म्हणाला. “लड़की अच्छी है. पर नाम तो घर से ही वापस लिया गया.”

“फोन करनेवाली बाई का आवाज कैसा था?”

“करनेवाली?” सेक्रेटरीनं मध्येच तोडलं. “फोन उसने नहीं किया. फोन तो मैंने किया था. यही आपका दिग्रस का नंबर.”

किसनसिंगनं हातातल्या रिसिव्हरकडं पाहिलं. म्हणजे तो यवतमाळला हिंडत होता, लोकांच्या नाड्या तपासत होता, आणि जिनं ते काम केलं ती त्या गुरुवारी इथं, याच पायरीवर, याच फोनवर बोलली होती.

४

सेक्रेटरीनं मग सगळं सांगितलं. निशिगंधाकडून खांद्याचं कळल्यावर त्याला वाटलं, एकदा विचारून घेतलेलं बरं.

“मैंने पूछा, उर्वशी मनवर का विड्रॉल है क्या? बाई बोली, हाँ साहब, उर्वशी का ही विड्रॉल है. कबसे रस्ता देख रहे. आज ही कर दो. मैंने कहा, पक्का? बोली, पक्का, पक्का. बहुत खुश थी साहब. मुझे दुआ दी. बोली, आपने लड़की का भला किया.”

किसनसिंगनं फोन ठेवला. टेनिसमध्ये नाव वापस घेण्याला विड्रॉल म्हणत असतील तर म्हणोत. त्याला टोचलं ते दुसरंच. कबसे रस्ता देख रहे. बहुत खुश थी. पोरीचं नाव कधी एकदा कटतं याची वाट बघणारी आणि कटलं म्हणून आशीर्वाद देणारी बाई या गल्लीत कोण?

उत्तर सुचलं, आणि त्याला ते अजिबात आवडलं नाही. आई. नवरा गेलेला, पोरीचं लग्नाचं वय उलटून चाललेलं, खांदा दुखावलेला. रात्रीअपरात्री परगावच्या स्टेशनांवर बसणारी पोरगी एकदाची घरी बसावी, असं कुठल्या आईला वाटणार नाही?

“बेबीताई, मागच्या गुरुवारी इंदूरचा फोन आलता का?”

“नाही बाप्पा.” बेबीताई साखर तोलता तोलता म्हणाली. “इंदूरचा कायले येईन? गुरुवारी तं कांताबाईच बसली होती फोनपाशी. एक फोन आला, तो तिचाच. पतसंस्थेचा. इतकी खूश झाली, इतकी खूश झाली, का मले उभं राहून गूळ वाटाले लावला. मंग सांजलोक लाइनच बंद होती.”

“आन् तुमी उचलला तो फोन?”

“तिनंच उचलला. मी गिऱ्हाईक पाहू का फोन पाहू?”

कांताबाई अंगणवाडीतून परतली होती. दारात पाय धुवत असताना किसनसिंगनं तिला गाठलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं.

“वहिनी, खरं सांगजा. पोरीनं खेळणं सोडावं असं वाटते का तुमाले?”

कांताबाईनं तांब्या खाली ठेवला आणि त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यालाच खाली बघावं लागलं.

“भाऊ, तिच्या बापानं मरताना मले एकच सांगतलं होतं. पोरगी थांबन म्हणन तं थांबू दे, पण तू थांबवू नको. मी थांबवीन? गुरुवारी तं दिवसभर त्या फोनपाशी बसून राह्यली मी. तिचं खातं हाय पतसंस्थेत, बापानंच काढून ठेवलेलं. इंदूरले जायले त्यातून पैसे उचला लागत होते. पण तिथं रोकडच नाही. आली का फोन करू म्हणे. फोन आला, त्यो नवा हिंदीवाला कॅशियर होता. मले म्हणे हो, करतो. आन् दुसऱ्या दिवशी गेली तं साफ मुकरले. आमी फोनच नाही केला म्हणते! असे लबाड लोक. मंग बेबीताईनं देल्ले, म्हणून तं पोरगी गेली.”

यात खोटं काही नव्हतं. खोटं बोलणारा माणूस इतकं बोलत नाही, नेमकं विचारलं तेवढंच सांगतो. किसनसिंग गल्लीतून बाहेर पडला तेव्हा त्याचं डोकं भणभणत होतं. सेक्रेटरी खरा, बेबीताई खरी, कांताबाई खरी. सगळे खरे, आणि तरी पोरगी लुबाडली गेली होती.

त्याचे पाय आपसूक बाजारपेठेकडं वळले. गुरुवारी दुकानात एकच फोन आला असेल, तर तो करणाऱ्याला तरी विचारून घ्यावं.

५

पतसंस्थेच्या पायऱ्यांवर माणसं बसून होती. कापसाला भाव नाही म्हणून कुणी कर्ज भरेना, कर्ज वसूल होईना म्हणून ठेवी मिळेनात. रोज येऊन बसायचं आणि दुपार कलली की उठून जायचं, असा परिपाठच पडला होता. जाळीच्या खिडकीशी एक म्हातारी टाचा उंचावून आत बघत होती.

“बाबू, आज तरी होईन का माहा विड्रॉल?”

किसनसिंग पायरीवर थबकला. म्हातारीनं पुन्हा विचारलं. तिच्या मागचा माणूसही तेच म्हणाला, त्याच्या मागचाही. या पायऱ्यांवर हा एकच शब्द सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोटला जात होता. उभ्या बाजारपेठेला, उभ्या तालुक्याला त्याचा एकच अर्थ माहीत होता: खात्यातले पैसे हाती पडणं.

“याडीये,” तो स्वतःशीच म्हणाला. जिवाला लागलं की त्याच्या तोंडी बंजारा तांड्यातली बोली यायची, आणि मग आईच आठवायची.

तरीही पोलिसाचं मन. खात्री करून घेतल्याशिवाय ते कबूल होत नाही. त्यानं जाळीतून कॅशियरला विचारलं, मागच्या गुरुवारी कांताबाई मनवरांना फोन कोणी केला?

“किस फोन से करते, जमादारसाब?” कॅशियर वैतागून म्हणाला. त्यानं टेबलावरचा रिसिव्हर उचलून त्याच्या कानाशी धरला. आत काहीच आवाज नव्हता. “दस दिन से कटा पड़ा है. उस बाई को भी मैंने यही बोला था. मानती ही नहीं.”

किसनसिंग तिथून निघाला आणि बराच वेळ नुसताच चालत राहिला. चोर सापडला की नोकरीत त्याची छाती फुगायची. आज वाटत होतं, हे कोडं सुटलं नसतं तर बरं झालं असतं. गप्प बसावं, तर उद्या तक्रार जाणार आणि एका निरपराध पोरीचं आयुष्य उठणार. बोलावं, तर एका आईचं काय होईल हे त्याला स्पष्ट दिसत होतं. शेवटी तो जिनिंगच्या आवारात शिरला, कारण उर्वशी तिथंच असणार.

ती होती. भिंतीवर चेंडू मारत होती. खांदा दुखत असल्याचं दर फटक्याला तिच्या ओठांवर दिसत होतं, तरी मारत होती.

“थांब पोरी. बैस.”

तिनं रॅकेट खाली ठेवली. किसनसिंग फरशीच्या कडेला टेकला आणि त्यानं सांगायला सुरुवात केली.

“दोन फोन होते. एक इंदूरहून केला गेला, पण इथं कोणालेच भेटला नाही. दुसरा इथं आला, पण पतसंस्थेतून कोणी केलाच नाही, त्यांचा तं फोनच कटला हाय. दोन्ही गुरुवारी, दोन्ही बेबीताईच्या दुकानात, आन् दुकानात त्या दिवशी फोन वाजला एकच डाव. मंग दोन फोन कसे असतीन, पोरी? तो एकच फोन होता.”

उर्वशीनं हातातला चेंडू फरशीवर ठेवला.

“सेक्रेटरीनं हिंदीत विचारलं, उर्वशीचा विड्रॉल हाय का? कॅशियरही हिंदीतच बोलते. खातं तुह्याच नावाचं. आन् तुही आई त्याच एका शब्दासाठी दिवसभर फोनपाशी बसून होती. ती म्हणली, हो साहेब, आजच करा.”

चेंडू घरंगळत जाऊन भिंतीशी थांबला. उर्वशीनं दोन्ही हात तोंडावर धरले. ती रडली नाही, ओरडली नाही. मग हात काढून तिनं विचारलं, “मले इंदूरले धाडाचं म्हणूनच ना?”

“त्याच्याचसाठी.”

“तिले मालूम हाय?”

“नाही. तुमी घरी ‘नाव काढलं’ म्हणता. तो शब्द तिच्यापुढं कोणी उच्चारलाच नाही.”

“मंग उच्चारू नका,” उर्वशी म्हणाली. “कधीच नका उच्चारू, काका.”

“आन् निशिगंधा?”

“तक्रार नाही करत मी. तिले मी खरं सांगते. ती आईले नाही सांगणार.” तिनं रॅकेट पिशवीत घातली, चेन ओढली. “घरी चाला माह्यासंगं. मी एकटी बोलली तं आईले पटणार नाही.”

६

कांताबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. जमादाराला बघताच तिचा हात थांबला.

“सापडला का भाऊ? नाव सांगा फक्त. ज्यानं माह्या पोरीचं नाव कापलं त्याचे हात झडो. रोज म्हणते मी, उठता-बसता म्हणते. त्याले लेकराचं सुख डोयानं पाहाले भेटू नये. जसं माह्या…”

“आई, बस कर,” उर्वशी म्हणाली.

“बस काहून करू?”

“मीच काढलं नाव.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली. कांताबाईनं ती उलटली नाही.

“मीच फोन केलता इंदूरले. खांदा लय दुखत होता. हारायचा भेव वाटला. मंग तिथं जाऊन वाटलं खेळावं, तं त्यांनी घेतलं नाही. वापस येऊन तुले खोटं सांगतलं.”

कांताबाईनं किसनसिंगकडं पाहिलं. “भाऊ? खरं हाय हे?”

किती कोर्टांत त्यानं खरं बोलायची शपथ घेतली होती आणि ती पाळली होती.

“व्हय वहिनी,” तो म्हणाला. “तिनंच.”

आधी कांताबाईला राग आला. तिनं परात बाजूला ढकलली. “काहून व? काहून? मी दिवसभर त्या दुकानात उपाशी बसली. बेबीताईपुढं हात पसरला. तुह्या बापानं खोकत खोकत रेघा मारल्या तुह्यासाठी, आन् तुले हारायचा भेव वाटला?” ती उठली, पोरीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. उर्वशी खाली मान घालून सगळं ऐकून घेत होती. कांताबाईनं मारायला हात उगारला आणि तो तसाच वर राहिला. तिचा चेहरा हळूहळू बदलला. राग गेला आणि भीती आली.

“हात झडो म्हणलं मी,” ती पुटपुटली. “इतके दिवस म्हणून राह्यली. तुलेच म्हणत होती का व मी?”

ती खाली बसली. तिनं पोरीलाही हाताला धरून खाली ओढलं, तिचा उजवा हात मांडीवर घेतला आणि पिठानं भरलेल्या दोन्ही हातांनी तो खांद्यापासून बोटांपर्यंत चोळायला लागली. “वापस घेतलं. सारं वापस घेतलं म्या. मले काय मालूम माय, का ते तू होतीस.”

“आई, तुह्या शिव्या मले नाही लागत.”

“मंग कोणाले लागन?”

 उर्वशीनं किसनसिंगकडं एकदा पाहिलं, आणि त्यानं मान फिरवली.

“कोणाले तरी लागतेच न,” कांताबाई म्हणाली आणि हात चोळत राहिली.